नाण्याच्या दारातले दोन लाल दिवे

1990च्या दशकात इंदूरच्या रामबागेजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचे एक पार्लर होते. शाळा सुटल्यावर माझा दादा हातातली टोकने संपेपर्यंत तिथे रमत असे आणि मला त्याच्यासाठी बाहेरच्या पायरीवर थांबावे लागे. मुलींनी आत येऊ नये असा फलक कुठे लावलेला नव्हता, पण आत एकही मुलगी नसे आणि तेवढ्यावरून आम्हांला काय ते कळत असे. पायरीवरून पडदा कधीच दिसला नाही, कारण प्रत्येक मशीनपुढे पाच-सहा मुलांच्या पाठी असत. त्या मुलांच्या पायांमधून, गुडघ्याच्या उंचीवर, अंधारात पेटलेले दोन लहान लाल चौकोन मात्र रोज दिसत. ते कशासाठी असतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी तसेच एक जुने मशीन आमच्या लोकमान्यनगरच्या घरी आले, तेव्हा पडदा लागतो की नाही हे पाहण्याआधी मी खाली वाकून ते दोन चौकोन शोधले. ते विझलेले होते.

हे मशीन एका बंद पडलेल्या पार्लरच्या गोदामातून आलेले आहे. लाकडी पेटी आणि तिचे लोखंडी कॉइन डोअर, म्हणजे नाणे टाकायचे दार, अमेरिकी बनावटीचे, 1980च्या दशकातले आहे. आतला मूळ बोर्ड, म्हणजे गेम चालवणारी चिपांची पाटी, आणि मूळ वीजपुरवठा मात्र केव्हाच काढून टाकलेला आहे आणि त्यांच्या जागी जाम्मा पद्धतीचे वायरिंग आणि नेहमीचा 5 व 12 व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेतून हे कमी व्होल्टेज काढून देणारा पुरवठ्याचा डबा, बसवलेला आहे. जाम्मा हे जपानमधल्या मशीन-उत्पादकांच्या संघटनेचे आद्याक्षरी नाव. त्यांनी 1985 साली 56 टोकांच्या जोडणीचे एकच प्रमाण ठरवून दिले, आणि त्यामुळे एका बोर्डाच्या जागी दुसरा बोर्ड सरकवणे ही पार्लरवाल्यांच्या दृष्टीने दहा मिनिटांची गोष्ट झाली. गेम बदलत गेले, बोर्ड बदलत गेले, पण नाण्याचे दार तेच राहिले. घरातल्या सर्वांचे म्हणणे असे पडले की आधी पडद्याचे पाहावे, दिवे काय, नंतरही लागतील. मी दिव्यांपासूनच सुरुवात केली. त्यामागे पायरीवरची आठवण होतीच, पण वायरिंगच्या दृष्टीनेही मला ते योग्य वाटले. त्या सबंध पेटीत परक्या माणसाचा हात धातूचा तुकडा घेऊन मशीनच्या तारांच्या इतक्या जवळ जातो अशी जागा हीच एक आहे, आणि सतत उघडझाप होणारा वायरिंगचा भागही हाच आहे. त्या हाताची काळजी आधी घ्यायची आणि उजेडाचा विचार मग करायचा, असे मी सुरुवातीलाच ठरवले.

दारावर दोन उभ्या फटी आहेत आणि प्रत्येक फटीला लागून लाल अर्धपारदर्शक प्लास्टिकचे एक चौकोनी बटण आहे. त्यावर मुळात 25 सेंट असे छापलेले होते. पार्लरवाल्याने त्यावर कागद चिकटवून हाताने ‘1 टोकन’ असे लिहिलेले आहे, आणि तो कागद मी काढलेला नाही. बटण दाबले की आतली नाणे तपासणारी यंत्रणा फटकन उघडते आणि अडकलेले नाणे खालच्या खोबणीतून परत येते. हे बटण अंधाऱ्या खोलीत सापडावे आणि नाणे कुठे टाकायचे हे दुरून कळावे, एवढ्यासाठी त्याच्यामागे दिवा असतो.

नाणे अडकतेच का, हेही पाहण्यासारखे आहे. यांत्रिक यंत्रणेत नाण्याचा व्यास आणि वजन तपासले जाते, आणि त्याखेरीज वाटेत एक लोहचुंबक बसवलेला असतो. तांबे-निकेलचे किंवा पितळेचे नाणे त्याच्यापुढून जाताना नाण्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह (भोवरी प्रवाह) निर्माण होतात, त्यामुळे नाण्याचा वेग ठरावीक प्रमाणात कमी होतो आणि ते बरोबर त्याच्या वाटेने उडी घेते. लोखंडी चकती मात्र सरळ चुंबकाला चिकटून बसते. 1992 साली आलेला आपला रुपया 25 मिलिमीटरचा आणि चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचा होता, त्यामुळे या यंत्रणेच्या लेखी तो खोटाच ठरे. मी मुद्दाम जुना रुपया हातात धरून त्या चुंबकाजवळ नेला, तर तो टक्कन जाऊन चिकटला. या दारासाठी अमेरिकी नाण्याच्या मापाची, म्हणजे सुमारे 24 मिलिमीटरची पितळी टोकने का पाडून घेतली गेली असतील, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आले. दादाच्या खिशात खुळखुळत असलेली टोकने पितळीच होती.

आता दिव्यांकडे येते. या दारातले होल्डर पाचरीच्या बुडाच्या बल्बचे आहेत, म्हणजे काचेचेच चपटे बूड असलेल्या बल्बचे. त्यात मुळात 6.3 व्होल्ट, 0.25 अँपिअरचा, जगभर 555 या क्रमांकाने ओळखला जाणारा बल्ब असे. त्याची शक्ती दीड वॅटच्या थोडी वर जाते. मूळ ट्रान्सफॉर्मर काढून टाकल्यावर सहा व्होल्टची सोय उरली नाही, तेव्हा पार्लरच्या कारागिराने मोटारीच्या पार्किंग दिव्याचे 12 व्होल्ट, 5 वॅटचे बल्ब त्याच होल्डरमध्ये खोचले आणि तारा एसएमपीएसच्या 12 व्होल्टला जोडल्या. बूड एकच असल्यामुळे ते बसतात आणि लागतातही. पण त्या बंदिस्त खोबणीत तिप्पट उष्णता साठत गेली, आणि एका बटणाचे प्लास्टिक आतून तपकिरी पडून एका कोपऱ्यात वितळून आत ओढले गेलेले आहे. दोष मी त्या कारागिराला देत नाही. महाराणी रोडवर मी स्वतः तीन दुकाने पालथी घातली, आणि प्रत्येक ठिकाणी मला तोच 5 वॅटचा बल्ब पुढे करण्यात आला.

बल्ब जळाले असतील असे धरून मी दोन्ही काढले आणि मीटरवर तपासले. एक खरोखरच गेलेला होता, दुसरा मात्र चांगला होता. चांगला बल्ब परत बसवला तरी तो लागेना. बोर्ड मी आधीच काढून बाजूला ठेवला होता, आणि ही सावधगिरी पुढे फार उपयोगी पडली. एसएमपीएस चालू करून मी मीटरचे काळे टोक पुरवठ्याच्या ऋण टोकाला लावले आणि लाल टोक दारावर एकेका ठिकाणी लावत गेले. होल्डरच्या एका पायावर 12 व्होल्ट होते, ते अपेक्षितच होते. दुसऱ्या पायावर शून्य हवे होते, तिथेही 12 व्होल्ट होते. म्हणजे परतीची काळी तार कुठेतरी तुटलेली होती. मग सहज म्हणून मी नाणे पडताना दाबल्या जाणाऱ्या छोट्या स्विचच्या, म्हणजे मायक्रोस्विचच्या, सामाईक पायाला लाल टोक लावले, आणि तिथेही 12 व्होल्ट दिसले. मी एसएमपीएस बंद केला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का, ते नीट सांगायला हवे. त्या दारात एकच काळी तार दिव्यांच्या परतीलाही होती आणि नाण्याच्या स्विचांच्या परतीलाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत ती सगळीकडे फिरवलेली होती. नाण्याचा स्विच ज्या टोकाला जोडलेला असतो, म्हणजे जाम्मामध्ये पहिल्या फटीसाठी 16 क्रमांकाचे टोक आणि दुसऱ्या फटीसाठी मागच्या बाजूचे ‘टी’ हे टोक, त्यांवर बोर्डाने रोधकातून 5 व्होल्ट धरून ठेवलेले असतात. नाणे पडले की स्विच ते टोक क्षणभर ऋणाशी जोडतो, आणि बोर्डाला नाणे कळते. काळी तार तुटलेली असताना ऋणाच्या जागी येतात ते दिव्यातून आलेले 12 व्होल्ट, आणि वाटेत आडवा असतो तो फक्त थंड तंतूचा दोन-तीन ओहमांचा रोध. म्हणजे पाच व्होल्टच्या चिपच्या पायावर टोकन पडताक्षणी 12 व्होल्ट सरळ जाऊन आदळले असते. अशा मशीनचे मालक सांगतात की दिवे गेले, नाणे घेत नाही, आणि मग एक दिवस बोर्डच गेला. या तीन वेगवेगळ्या तक्रारी नसून तुटलेल्या एकाच तारेची ती कहाणी असू शकते. म्हणून विझलेल्या दिव्याला मी आता क्षुल्लक दोष म्हणत नाही.

तार तुटली होती ती बिजागरीपाशी. वरून आवरण अखंड, हाताला मात्र तो भाग मऊ लागत होता, आणि आवरण उभे कापले तेव्हा आतले तांबे हिरवट होऊन दोन तुकडे झालेले दिसले. दार दिवसातून किमान एकदा टोकने काढण्यासाठी उघडले जात असणार, आणि प्रत्येक वेळी तार त्याच एका बिंदूत वाकत असणार.

इथे मला आमच्या वसाहतीतल्या एका वयस्कर वायरमन काकांची आठवण झाली, आणि मी त्यांना बोलावले. उमेदीच्या काळात ते अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे वायरिंग करत असत. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की आमच्याकडे गणेश विसर्जनाच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण अशा कापड गिरण्यांच्या कामगारांच्या रोषणाईच्या झांक्या निघत आल्या आहेत. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी त्या निष्ठेने चालू ठेवल्या. त्यांतल्या पुतळ्यांचे हात वर-खाली होतात, मान वळते, चक्र फिरते, आणि त्या प्रत्येक सांध्यातून दिव्यांच्या तारा गेलेल्या असतात. काकांनी माझी तुटलेली तार बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, “ताई, तार वाकवायची नसते, पिळायची असते. सांध्याच्या बाजूने आणली की ती तुटणारच. सांध्याच्या रेषेतून उभी घ्या.”

त्या एका वाक्याने माझे सगळे काम बदलले. मी तारा बिजागरीला काटकोनात, सर्वांत जवळच्या वाटेने नेणार होते. त्याऐवजी आता त्या पेटीच्या बाजूने बिजागरीच्या वरच्या टोकाशी बांधल्या आहेत, तिथून बिजागरीच्या समांतर सुमारे वीत-दीड वीत खाली आणल्या आहेत आणि मग दाराच्या बाजूला दुसऱ्यांदा बांधल्या आहेत. दार उघडले की मधला सगळा तुकडा थोडा थोडा पिळला जातो, आणि कोणत्याही एका बिंदूवर घडी पडत नाही. तार अर्थातच अनेक पदरी हवी. मी 14/36ची घेतली, म्हणजे 36 गेजच्या चौदा बारीक तारांची. एकेरी जाड तार इथे वापरणे म्हणजे तुटण्याची तारीख ठरवून देण्यासारखे आहे. सांध्याच्या त्या तुकड्यात कुठेही जोड नाही आणि डाखही नाही, कारण डाख दिलेल्या ठिकाणी पदर एकमेकांना घट्ट धरतात आणि डाख जिथे संपतो तिथेच तार मोडते. होल्डरच्या पायांना मी तारेच्या टोकांवर दाबून बसवायची धातूची टोपणे (थिंबले) वापरली आणि वर स्लीव्ह चढवली.

परतीच्या तारा मी वेगळ्या केल्या. दिव्यांची परत आणि नाण्याच्या स्विचांची परत या आता दोन स्वतंत्र तारा आहेत, आणि त्या दारावर कुठेही एकत्र येत नाहीत. एसएमपीएसच्या ऋण टोकावरच त्या भेटतात. यामुळे तार एक जास्त लागली, पण उद्या दिव्याची परत तुटली तर फक्त दिवे जातील आणि स्विचची परत तुटली तर फक्त नाणे पोहोचणार नाही. रंगही वेगळे ठेवले आहेत: 12 व्होल्टला पिवळी, दिव्याच्या परतीला काळी, स्विचच्या परतीला काळ्यावर पांढरी रेघ असलेली. 12 व्होल्टच्या तारेत, दारावर नव्हे तर एसएमपीएसच्या अगदी लगत, 1 अँपिअरचा फ्यूज घातला आहे, कारण तार दाराच्या पत्र्यावर घासून उघडी पडली तर फ्यूज त्या जागेच्या मागे असला पाहिजे. दार पूर्णपणे सुटे करता यावे म्हणून पेटीच्या आत एक पांढरा नायलॉनचा कनेक्टर दिला आहे.

यानंतर अर्थिंग, आणि यावर मी जास्त वेळ घालवला. पेटीत 230 व्होल्ट आहेत, जुना काचेच्या नळीचा मॉनिटर आहे, आणि दार लोखंडाचे आहे. दाराला अर्थ मिळत होता तो फक्त बिजागरीतून, आणि बिजागरी रंगवलेली व गंजलेली होती. मीटरवर कधी 0.3 ओहम दिसत, तर दार जरासे हलवले की मार्ग तुटलेला दिसे. म्हणून दारावरच्या एका स्क्रूखालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, 1 चौरस मिलिमीटरची हिरवी तार मी थेट मुख्य अर्थ टोकापर्यंत नेली. मग घरचा सॉकेट तपासला, तर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 230 च्या जागी कसाबसा 90 आकडा डुलत होता, म्हणजे सॉकेटमधला तिसरा पाय नुसता शोभेचा होता. ते काम काकांनी केले; अर्थची तार भिंतीतल्या डबीतच सुटलेली निघाली. दिव्याचे काम सुरू केले नसते, तर त्या सॉकेटवर चालणाऱ्या आमच्या इस्त्रीकडेही कोणी पाहिले नसते.

अर्थिंगला आणखी एक बाजू आहे. माळव्यातला हिवाळा कोरडा असतो. लोकरीचा स्वेटर घालून लोखंडाला हात लावला की ठिणगी बसते. अर्थ नसलेल्या दारावर तीच ठिणगी नाण्याच्या तारेत शिरते आणि बोर्डाला नाणे पडल्याचा भास होतो किंवा गेम मधेच थांबतो. स्वयंपाकघरातला ठिणगीचा गॅस लायटर फटीजवळ टकटक करून फुकट खेळ मिळवण्याची जी युक्ती मुले करत, तिचे मूळ हेच. दादाने ती एकदा करून पाहिली होती आणि पार्लरवाल्याने त्याला आठवडाभर आत येऊ दिले नव्हते. त्या आठवड्यात आम्ही दोघेही वेळेवर घरी पोहोचत होतो.

राहिला प्रश्न बल्बचा. आजकाल अशा ठिकाणी बहुतेक जण 12 व्होल्टचा एलईडी खोचतात, आणि त्यात वाईट काहीच नाही: उष्णता नगण्य, प्रवाह अगदी कमी, प्लास्टिक सुरक्षित. फक्त लाल बटणामागे लालच एलईडी लावावा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळ्याचा भाग मोठा आणि खोल लाल थोडा असतो, त्यामुळे लाल प्लास्टिकमधून तो फिकट, गुलाबीसर दिसतो. मी दोन्ही लावून, खोली अंधारी करून, पायरी जितकी दूर होती तितक्या अंतरावरून पाहिले. लाल एलईडी तेजस्वी होता, पण चौकोनाच्या मध्यभागी एक टोचणारा ठिपका दिसे आणि कडा काळ्या राहत. तंतूचा बल्ब सगळा चौकोन भरून काढतो. मला तो भरलेला चौकोनच हवा होता.

म्हणून पिनबॉल मशीनचे सुटे भाग विकणाऱ्याकडून मूळचे 555 क्रमांकाचे दहा बल्ब मागवले, आणि ते 6.3 व्होल्टचे असल्यामुळे दोन्ही दिवे एकसरीत जोडले. प्रत्येकाच्या वाट्याला 6 व्होल्ट येतात. तंतूच्या बल्बचे आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असा एक जुना ठोकताळा आहे; त्या हिशोबाने एवढ्याशा फरकाने आयुष्य पावणेदोन पटींच्या पुढे जाते, आणि उजेड सुमारे सोळा टक्क्यांनी कमी होतो, जो डोळ्यांना जाणवतही नाही. दोन्ही बल्ब एकाच क्रमांकाचे असावे लागतात, नाहीतर एकाला जास्त व्होल्टेज मिळते आणि तो लवकर जातो. एक गेला की दोन्ही विझतात, ही या जोडणीची उणीव मी जाणूनबुजून स्वीकारली आहे. 5 व्होल्टवर बल्ब लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता, तो मी मानला नाही. थंड तंतू पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट प्रवाह ओढतो, आणि तो झटका बोर्डाच्या स्वतःच्या पुरवठ्यावर बसावा असे मला वाटत नाही.

जोडणी संपल्यावर, बोर्ड बाहेरच ठेवून, मी पुन्हा तेच मोजमाप केले: दिव्याची परत शून्य, स्विचचा सामाईक पाय शून्य, दार ते अर्थ 0.2 ओहम. मग मुद्दाम दिव्याची काळी तार सोडवून तुटल्यासारखी केली आणि स्विचचा पाय परत पाहिला. शून्यच. त्यानंतर दार पन्नास वेळा उघडले आणि मिटले, आणि पुन्हा मोजले. मगच बोर्ड जागेवर गेला.

दादा रविवारी आला. पडद्याचे काम अजून झालेले नाही, तो काळाच आहे. पण मी खोलीचा दिवा मालवला आणि मशीन चालू केले. तो समोर उभा राहिला आणि मी दाराबाहेर जाऊन उंबऱ्यावर बसले, तर त्याच्या पायांमधून ते दोन्ही चौकोन दिसत होते, एक स्वच्छ लाल आणि दुसरा कोपऱ्यात वितळल्यामुळे जरा तिरपा. त्याने खिशातून एक पितळी टोकन काढले. इतकी वर्षे ते त्याच्याकडे होते हे मला माहीत नव्हते. ते त्याने स्वतः टाकले नाही. “तू टाक,” म्हणाला.

दाराच्या आतल्या बाजूला मी तारांच्या रंगांचा तक्ता, फ्यूजची जागा आणि बल्बचा क्रमांक लिहून चिकटवला आहे, आणि उरलेले आठ बल्ब एका कापडी पिशवीत घालून त्याच स्क्रूला टांगले आहेत.